वाकळीची शेवटची फेरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. "तुमची वाकळ पुरी झाली, तिच्यावर चार शब्द बोला," असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी राहिले. दोन-तीन महिन्यांत उरकावयाच्या कामाला मला अकरा वर्षे लागली. त्यात मिरवण्यासारखे काही नाही. परंतु त्या अवधीत जे उमगले, ते सांगावेसे वाटते.

२०१३ चा उन्हाळा आपल्या बीड जिल्ह्यात कोण विसरेल? विहिरी आटल्या, जनावरे चारा-छावणीत गेली. टँकर आमच्या ओट्यासमोर थांबत असे, पण तो केव्हा येईल याचा नेम नसे. घागरी रांगेला लावून बायका ओट्यावर बसत. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "बसायचंच हाय, तर हाताला काम असू द्या."

त्यांनी पेटीतून तीन जुनी लुगडी काढली. मामंजींचे विरलेले धोतर आत घातले. नव्या कापडाची वाकळ ताठ होते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यातून सुई कशी सुखाने जाते! चार कोपऱ्यांवर दगड ठेवून पदर ताणले, मोठ्या टाक्यांनी टाचून घेतले, आणि दुहेरी दोऱ्याने कडेपासून धावदोरा सुरू केला. आमच्याकडे वाकळ कडेकडून आत शिवत नेतात. बोटाबोटाच्या अंतराने चौकोनी फेऱ्या घालावयाच्या, आणि शेवट मधोमध करावयाचा. माझी नात तेव्हा सहा वर्षांची होती. आत्याबाईंना सुई ओवता येत नसे. ते काम तिचे. तिच्या आखूड झालेल्या झग्याचे लाल ठिगळही त्यांनी वरून लावले.

पुढे पाऊस पडला, शेताची कामे निघाली आणि वाकळ गुंडाळली गेली. आमच्याकडची माणसे दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेली म्हणजे घर, गुरे आणि लेकरे मागे राहिलेल्यांवर पडत. सवड मिळाली की दोन फेऱ्या होत. आत्याबाईंची दृष्टी मंदावली, तसे त्यांचे टाके लांब आणि वाकडे पडू लागले. २०१७ साली त्या गेल्या. वाकळ अर्धीच होती.

त्यानंतर मी ती पेटीत ठेवली. लोकांना सांगे, वेळ नाही. खरे म्हणजे धीर होत नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत वेळच वेळ होता. वाकळ बाहेर काढली आणि पुन्हा घडी घातली. एका शेजारणीने मायेने सुचविले, "म्हातारीचे वाकडे टाके उसवा आणि सरळ घाला, म्हणजे एकसारखी दिसेल." मी कात्री हातात घेतलीही. पण पहिलाच दोरा कापताना वाटले, तिला दिसत नव्हते तरी तिने हात थांबविला नाही. आणि मला दिसते, तर मी तिची खूण पुसावयास निघाले! कात्री खाली ठेवली.

गेल्या वर्षी नात शिकण्यासाठी वसतिगृहात निघाली. बाजारात हलके ब्लँकेट स्वस्तात मिळते, सूनबाईंनी आणलेही. पण पोर म्हणाली, "मला पणजीची वाकळ पाहिजे." मग मात्र बसले. आता माझीही नजर अधू झाली आहे. सुई पुन्हा तिनेच ओवून दिली. मधला वीतभर चौकोन आठ दिवसांत भरला. शेवटची गाठ मारली, हळदकुंकू वाहिले, आणि दुसऱ्या दिवशी वाकळ तिच्या सामानात गेली. घर दोन दिवस रिकामे वाटले, हे कबूल करते. पण वाकळ पेटीसाठी नसते.

आणखी एक गोष्ट. आपल्या अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी जतन केलेली आहे. पासोडी म्हणजे जाड, दुहेरी पांघरूण. १६१५ साली समाधिस्थ झालेल्या या संतकवीने त्या कापडावर आपले 'पंचीकरण' लिहिले. लिहिणाऱ्याचे नाव चारशे वर्षे टिकले. पण ते कापड विणणाऱ्या-शिवणाऱ्या हातांचे नाव कोण सांगेल? बंगालातही जुन्या साड्यांचे असेच 'कांथा' शिवतात. एकोणिसाव्या शतकात मानदासुंदरी नावाच्या बाईने वडिलांसाठी कांथा शिवला आणि त्यावर टाक्यांनी स्वतःचे नाव घातले. तो गुरुसदय दत्तांच्या संग्रहात राहिला, आणि तिचे नावही राहिले.

म्हणून मी नातीच्या वाकळीच्या कोपऱ्यात तीन नावे घातली: आत्याबाईंचे, माझे आणि सुई ओवणारीचे. खाली दोन साले: २०१३ आणि २०२४.

भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळींच्या पेटीत अर्धी राहिलेली वाकळ असेल. कोणाची आईने सुरू केलेली, कोणाची जावेने. माझी विनंती एवढीच, की मंडळाच्या गुरुवारच्या बैठकीला ती घेऊन या. चौघी चार बाजूंना बसू. आधीच्या हाताचे टाके उसवू नका. तुमचे त्यांच्याशेजारी घाला. पुरी झाली की कोपऱ्यात नावे घाला आणि ती कोणाच्या तरी अंगावर जाऊ द्या. पुढच्या वर्धापनदिनी त्या सगळ्या या दोरीवर वाळत घातलेल्या पाहावयाची माझी इच्छा आहे.