बंदराआधी बागेत



तुम्हा शास्त्रज्ञांना आणि बागायतदारांना हंगाम सरल्यावर रत्नागिरीत परिषदेला बोलावल्यामुळे ताजा हापूस देता येत नाही. डब्यातला आमरस मात्र दुपारी पानात आहे; कुणी तपासायला नेला तरी स्वागत समितीची हरकत नाही.

जड धातू म्हटलं की आम्हाला कारखान्यांची गावं आठवतात, पण ते फळांतही सापडतात. व्हिएतनामचं उदाहरण पाहा. २०२२च्या जुलैत चीनशी करार झाला आणि तिथल्या ड्युरियनला मोठी बाजारपेठ खुली झाली. पुढे काही खेपांत कॅडमियम हा जड धातू सापडला. जानेवारी २०२५पासून चीनने प्रत्येक खेपेसोबत तपासणीचा दाखला मागितला. मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. सीमेवरून गाड्या परतल्या, भाव कोसळले.

हे कॅडमियम बागेत येण्याची एक वाट आपल्याच खताच्या गोणीतून जाते. स्फुरदयुक्त खतं ज्या खडकापासून बनतात, त्यातच ते कमीअधिक असतं. वर्षानुवर्षं मातीत साठतं आणि जमीन आम्लधर्मी असेल तर मुळं ते अधिक सहज उचलतात. आमची जांभ्याची जमीन आम्लधर्मीच! एवढ्यावरून आमचा आंबा दोषी ठरत नाही. पण न तपासता त्याला निर्दोष म्हणायलाही जीभ रेटत नाही.

शिसं या दुसऱ्या जड धातूचं वेगळं. ते बरंचसं धुळीबरोबर सालीवर बसतं. त्यामुळे फळ धुऊन तपासलं की न धुता, साल काढून की सालीसकट, यावर आकडा बदलतो. स्टीलच्या सुरीने कापलं तर सुरीतलं क्रोमियम-निकेलही फळाच्या नावावर चढू शकतं. पुढे नमुना नायट्रिक आम्लात विरघळवून कितीही महागड्या यंत्रात घाला, आधी झालेली चूक ते यंत्र दुरुस्त करत नाही. तेव्हा शास्त्रज्ञहो, अहवालात आकड्याशेजारी नमुना कसा घेतला तेही आम्हाला कळेल अशा मराठीत लिहा.

आणि एक मागणी. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेसाठी मातीच्या १२ बाबी तपासतात. त्यात आम्लता दाखवणारा सामू आहे, जस्त आहे. कॅडमियम आणि शिसं नाही. माल बंदरावर अडल्यावर हाती येणारा अहवाल बागायतदाराच्या काय कामाचा? निदान निर्यातीच्या बागांसाठी तरी पत्रिकेत हे दोन रकाने वाढवावेत, असा ठराव या परिषदेने करावा, अशी स्वागत समितीच्या वतीने विनंती करतो.