आधी पुरुषाचं तपासा
(जळकोट इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला कवितेवर बोलायला बोलावलंय. कविता आज नाही. आज लेकरू न होणाऱ्या माणसांवर बोलणार आहे. हा विषय आपल्या व्यासपीठावर येत नाही. मोर्चात नाही, ठरावात नाही. तो चुलीपाशी कुजबुजला जातो, आणि जिच्याबद्दल कुजबूज चाललीय ती बाई तिथंच बसून भाकरी थापत असते.

माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली. मूल नाही. मी एकोणतीसचा, बायको सत्तावीसची. मी मुंबईला गोदीत ठेकेदाराकडं लोखंड उतरवतो, ती चार घरची धुणीभांडी करते. शिक्षण माझं मॅट्रिक. डॉक्टरी मला येत नाही. पण गेल्या दोन वर्षांत दवाखान्यांच्या बाकड्यांवर एवढा बसलोय की तिथली भाषा कानात बसलीय. तेवढंच भांडवल घेऊन उभा आहे.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात हिशोब दिलाय. बाई वांझ असली तर आठव्या वर्षी दुसरी आणावी. लेकरं मरत असली तर दहाव्या वर्षी. नुसत्या पोरी झाल्या तर अकराव्या. आणि उलट बोलणारी असली तर ताबडतोब. पुरुषाच्या तपासणीचं त्या हिशोबात नाव नाही. हे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं. राख झाली. पण आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी ते न वाचताच पाठ करून ठेवलंय. पाचवं वर्ष लागलं तशी माझी मायच म्हनली, "बाबा, दुसरी बघू का?" मनूनं आठ वर्षं तरी दिली होती.

जोतीराव आणि सावित्रीबाईंना मूल झालं नाही. जोतीरावांच्या मागं दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला होता. ते बधले नाहीत. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं पोर दोघांनी दत्तक घेतलं, यशवंत नाव ठेवलं, त्याला डॉक्टर केलं. दीडशे वर्षं होत आली या गोष्टीला. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, आणि घरी येऊन सुनेला पीराच्या दर्ग्यावर, नाहीतर देवऋषाकडं पाठवतो. पोरगा मात्र पारावर तंबाखू मळत बसलेला.

आता नीट ऐका. लेकरू न होण्याचं कारण साधारण तिसरा हिस्सा वेळा बाईत असतं, तेवढ्याच वेळा पुरुषात असतं. उरलेल्यात दोघांतही असतं, नाहीतर सापडतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ ला सांगितलं की जगात सहा माणसांमागं एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. म्हणजे इथं बसलेल्यांतही असतील. माना खाली घालू नका.

वर्षभर एकत्र राहूनही दिवस गेले नाहीत तर तपासायचं. बाई पस्तिशीच्या पुढची असली तर सहा महिन्यांनीच. आणि पहिली तपासणी पुरुषाची. का? ती सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता एका डबीत वीर्य द्यायचं. ना सुई, ना भूल, ना दुखणं. बाईची नळी उघडी आहे का बघायला पिशवीत औषध सोडून एक्सरे काढतात, तेव्हा ती दात आवळून टेबलावर पडलेली असते. डबी सोडून आधी ते टेबल निवडणारा पुरुष, त्याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा.

मी डबी दिली. सांगायला लाज नाही, म्हणून सांगतो. एका मिलिलिटरला निदान १ कोटी ६० लाख शुक्रजंतू असावेत असा दाखला धरतात. माझे ९० लाख निघाले. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावायचा नसतो. तीन महिन्यांनी पुन्हा दिली. तेवढेच. बायकोच्या नळ्या उघड्या, अंडं महिन्याच्या महिन्याला सुटतंय, थायरॉइड ठीक. टीबी पण तपासला. तो आपल्या चाळीत, झोपडपट्टीत छातीत बसतो तसा बाईच्या नळ्यांतही बसतो आणि गुपचूप त्या बंद करतो, कितीदा तर खोकलासुद्धा येत नाही.

मायला मीच सांगितलं, "माय, कमी माझ्यात हाय." माय गप्प झाली. त्या दिवसापासून दुसरीचा विषय बंद. एका कागदानं हे झालं.

कारण कळलं की मग उपाय. आणि इथंच बाजार सुरू होतो. उदगीर, नांदेड, लातूर, कुठंही जा, भिंतींवर गोरंगोमटं बाळ हसतंय. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात आम्ही गेलो. नाव घेत नाही. रिपोर्टची फाईल उघडायच्या आधी टेबलावर पॅकेजचा कागद आला. सोन्यावर कर्ज मिळेल म्हणाले. गोदीत मुकादम माल न बघता वजन सांगतो, तसलं. तिथल्याच बाबूनं विचारलं, "डोनर लागलाच तर कोणत्या समाजाचा चालेल?" मी म्हणालो, "ज्याची डबी भरलेली आहे त्या समाजाचा." साला, थेंबालासुद्धा जातीचा दाखला.

उपाय तीन पायऱ्यांचे आहेत, पण प्रत्येकानं तिन्ही चढायचे नसतात. बाईचं अंडं सुटत नसलं तर गोळ्या, सोनोग्राफीनं लक्ष. बऱ्याच जणींचं एवढ्यावर भागतं. दुसरं आययूआय. पुरुषाचं वीर्य धुऊन, चांगले जंतू वेगळे काढून पिशवीत सोडतात. खर्च काही हजारांत. एका खेपेला शंभरातल्या दहा-पंधरा जणींना दिवस जातात. त्याला निदान एक नळी उघडी लागते आणि जंतू अगदीच कमी असून चालत नाही. दोन्ही नळ्या बंद असलेल्या बाईला आययूआयच्या खेपा करायला लावणं म्हणजे बुजलेल्या नळाखाली हंडा लावणं. तिच्यासाठी तिसरी पायरी सरळ: आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब. आणि जंतू फारच कमी असले तर त्यातलाच एक प्रकार, इक्सी. एक जंतू उचलून सुईनं अंड्यात घालतात. तरुण बाईला एका खेपेत शंभरात तीस-चाळीस यश. वय वाढलं की घसरत जातं, चाळिशीनंतर फारच. खासगीत औषधं-इंजेक्शनं धरून एका खेपेचे दीड-दोन लाख सहज.

हिशोबात न लिहिलेलं मी सांगतो. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन बाईच्या पोटात. कमी पुरुषात असली तरी सुई तिलाच. अंडाशय जास्त फुगलं तर पोटात पाणी होतं, कधी जिवावर बेततं. चार घरची कामं बुडाली की दोन घरं कायमची जातात. हे पॅकेजमध्ये नसतं.

हे शास्त्र काही धनिकांच्या घरात जन्मलं नाही. पहिली टेस्ट ट्यूब पोरगी लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८, इंग्लंड. बाप रेल्वेतला कामगार. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी दुर्गाला जन्माला घातलं. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. आणि आपल्या मुंबईत हर्षा, ६ ऑगस्ट १९८६, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून. कुठं? परळला, केईएममध्ये. महापालिकेच्या दवाखान्यात, गिरणगावाच्या पोटात. मग आज ते पॅकेज कसं झालं, हा प्रश्न मी सरकारला विचारतो. अलीकडं राज्य सरकारनं कामा हॉस्पिटलात केंद्र काढलंय. एक कामा मुंबईत. जळकोटच्या बाईनं किती रात्री गाडीत काढायच्या?

बीडकडं बघा. ऊसतोड बायांची २०१९ मध्ये सरकारी समितीनं पाहणी केली. ८२ हजार ३०९ बायांत १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली. एकीकडं पिशवी काढायची घाई, दुसरीकडं पिशवीत गर्भ सोडायची घाई. कारण काय, दुसरा मार्ग कोणता, हे त्या बाईला समजेल अशा बोलीत सांगायला मात्र कुणाला वेळ नाही.

आणि आता ते सांगणं कायद्यानं बांधलेलं आहे. २०२१ चा कायदा आहे, जानेवारी २०२२ पासून लागू. नोंदणीशिवाय टेस्ट ट्यूबचं केंद्र चालवता येत नाही. कलम २१ म्हणतं, यश किती, फायदा-तोटा काय, खर्च किती, धोके कोणते, जुळ्या-तिळ्यांचा धोका किती, हे सगळं जोडप्याला सांगितलंच पाहिजे. तक्रारीसाठी कक्ष ठेवलाच पाहिजे. म्हणून आत शिरल्यावर आधी नोंदणीचा कागद मागा. मग विचारा: आमच्यात कारण काय सापडलं? याच्याहून हलका उपाय का नाही? माझ्या बायकोच्या वयाच्या बायांत तुमच्याकडं शंभरात किती बाळं घरी गेली? नुसते दिवस गेल्याचा आकडा नको, बाळं घरी गेल्याचा. किती गर्भ सोडणार? इंजेक्शनांसकट एकूण किती? डॉक्टर चिडला तर चिडू द्या. आपण साहेबाच्या केबिनमध्ये हात जोडून उभं राहायचं कधीच सोडलंय.

साध्या तपासण्यांना कर्ज लागत नाही. नांदेडला, लातूरला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. आमच्या तपासण्या पण सरकारीतच झाल्या. तिथल्या बाईडॉक्टरनं फाईल पूर्ण वाचली आणि म्हणाली, "तुमचा आकडा काठावर आहे. थेट इक्सी केली तर चूक नाही, पण वय हाताशी आहे, आधी आययूआय करून बघता येईल. तीनदा. त्यापुढं रेटायचं नाही." मग माझ्याकडं न बघता बायकोला विचारलं, "तुला काय वाटतं?" दोन वर्षांत तिला हे पहिल्यांदा कुणी विचारलं.

तिनं चार दिवस घेतले. मग वहीत लिहिलं. आययूआय तीन. नाही जमलं तर इक्सी एकदा, भिशीच्या पैशात बसेल तेवढीच. गावचं दीड एकर विकायचं नाही, सावकाराकडं जायचं नाही. डोनर नको, ते तिला पटत नाही, आणि ज्यांना पटतं त्यांचंही ती वाईट म्हणत नाही. त्यानंतर दत्तकाचा अर्ज, 'कारा'कडं. लग्नाला दोन वर्षं झालेलं जोडपं तो करू शकतं, आणि नंबर यायला वर्षं लागतात, म्हणून अर्ज आत्ताच टाकायचा का यावर आमचं भांडण चालूय. ती म्हणते टाक. मी म्हणतो थांब. बहुतेक टाकू.

पहिलं आययूआय झालं. पाळी आली. दोन दिवस ती बोलली नाही, मीही गोदीत दोन पाळ्या ओढल्या. दुसरं पुढच्या महिन्यात आहे.

कुणाकडं दवाखान्याचे कागद असतील आणि वाचून घ्यायचे असतील तर बैठक संपल्यावर मागं थांबा. पोरांनो, बायकोला घेऊन या. एकट्यानं फाईल आणलीत तर मी आधी तुमच्याच डबीचा रिपोर्ट मागणार.