कास्तकाराचा कागद कोण राखणार?

(नेर येथे ग्रंथालय कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा गोषवारा)



महाराष्ट्र शासनाने १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली. तिच्या गुणदोषांचा वाद अजून संपलेला नाही. परंतु त्या काळात नेर तालुक्यातील कास्तकाराच्या हाती काय पडले, हे सांगणारी साधने कोठे आहेत? चुकाऱ्याच्या पावत्या, सहकारी संस्थांचे अहवाल, मोर्चांची पत्रके, जिल्ह्यातील साप्ताहिकांचे अंक घरोघरच्या फडताळांत वाळवीच्या तोंडी जातात. सरकारी दप्तर टिकते, कास्तकाराचा कागद जातो. आणि इतिहास उरलेल्या कागदांवरून लिहिला जातो.

म्हणूनच ग्रंथालयांनी मिळून डिजिटल संग्रह उभारणे हा केवळ तंत्राचा प्रश्न नाही. स्मृतीवर मालकी कोणाची, हा तो प्रश्न आहे.

कागदांचे स्कॅनिंग हा एकवेळचा भांडवली खर्च. त्याला देणगीदार मिळतो, उद्घाटनाला पुढारीही मिळतो. सूची करणे, प्रती पडताळणे, यंत्र निकामी होण्यापूर्वी मजकूर दुसरीकडे उतरविणे हा मात्र कायमचा चालू खर्च. तेथे फीत कापता येत नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी उपक्रमात लाखो ग्रंथ स्कॅन झाले, पण २०१७ च्या सुमारास त्याचे संकेतस्थळ बंद पडले. त्यांतील पुष्कळ ग्रंथ आज वाचता येतात, ते इतरांनी त्यांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर ठेवल्या म्हणून. एकाच कोठारावर विसंबणे किती धोक्याचे, हे यावरून दिसते.

यावर उपाय सहकाराचाच आहे. मूळ कागद ज्याचा त्याच्याकडे राहावा. सूची सर्वांची एक असावी; प्रती मात्र नेर, दारव्हा व यवतमाळ अशा तीन ठिकाणी असाव्यात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत कायद्याने स्वामित्वहक्क राहतो, तो पाळावा. कोणाच्या कर्जाचा कागद त्या कुटुंबाच्या संमतीवाचून उघड करू नये.

आणि पैसा? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यात अनुदानाची चौकट निर्माण केली. तिच्यात अशा संग्रहांच्या देखभालीसाठी स्वतंत्र, दरवर्षीची तरतूद व्हावी, ही मागणी ग्रंथालयांनी संघटितपणे लावून धरली पाहिजे. तरतूद होईपर्यंत कागद थांबणार नाहीत. प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या गावात कोणाकडे काय आहे, याची साधी यादी आजच करावयास घ्यावी. त्यासाठी वही आणि पेन्सिल पुरेशी आहे.