वुडांगच्या शिखरावरचे सोनेरी मंदिर

चीनच्या हुबेई प्रांतातल्या वुडांग पर्वतावर ताओ पंथाची प्राचीन मंदिरे आहेत. मिंग सम्राट योंगले याने 15व्या शतकाच्या आरंभी इथे मोठे बांधकाम करवून घेतले. बीजिंगचा राजवाडा उभारणारा तो हाच.

सर्वांत उंच शिखर सुमारे 1,612 मीटरचे. त्याच्या माथ्यावर 1416 सालचे सुवर्णमंदिर उभे आहे. ते आहे तांब्याच्या मिश्रधातूचे, वर सोन्याचा मुलामा. बीजिंगमध्ये ओतलेले भाग जलमार्गाने आणून इथे जोडले. जवळून पाहा: खांब, तुळया, कौले, दारांवरची नक्षी, सगळे हुबेहूब लाकूडकामासारखे, आणि सगळे धातूचे! त्या कारागिरांपुढे हात जोडावेसे वाटतात. आत चेनवू या देवाची मूर्ती. समोर त्याचे चिन्ह, कासवाला वेढा घातलेला साप.

डोंगरउतारावरच्या ‘जांभळ्या मेघांच्या महालात’ आजही ताओ साधक राहतात, नित्य उपासना करतात. 1994 पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

वर जायला केबल कार आहे. पण गुडघे साथ देत असतील, तर दगडी पायऱ्यांनीच चढा. वाटेतली जुनी देवळे तेव्हाच नीट पाहता येतात.