कुंचला, खिळा आणि संगणक



वसंतात व्याख्याने ऐकण्याची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेथून ती गावोगाव पसरली, आणि आज नातेपुत्यातही आपण तिच्याच पंगतीला बसलो आहोत. या व्याख्यानाची जाहिरात मला चित्ररूपाने फोनवर आली. ती कोणी केली असे विचारता कळले की, येथल्याच एका विद्यार्थिनीने ती आपल्या फोनवर तासाभरात तयार केली. म्हणजे ज्या विषयावर मी बोलावयाचे, तो विषय माझ्याआधीच येथे येऊन पोचला आहे! तेव्हा संगणकावर चित्ररचना करता येते, हे आपणांस सांगण्याची गरज नाही. ती चांगली करण्यासाठी काय शिकावे लागते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आजकाल शिकणे म्हणजे युक्त्या गोळा करणे, असा एक समज झाला आहे. दोन मिनिटांची चित्रफीत पाहावी, ही कळ दाबावी, ती कळ दाबावी, की छायाचित्रामागची भिंत नाहीशी होते. युक्तीला मी नावे ठेवीत नाही; सुताराच्या पोराला रंधा धरण्याची युक्ती आधी शिकावी लागतेच. परंतु लाकडाची शीर कोणत्या अंगाने गेली आहे हे ज्याला दिसत नाही, त्याचा रंधा कितीही धारदार असला तरी फळी खरबरीतच राहते. संगणकाच्या पडद्यालाही अशा शिरा आहेत. त्यांतल्या तीन आज दाखवितो.

पहिली शीर मोजमापाची. फोनवर आलेले छायाचित्र आपण दुकानदाराला देतो आणि म्हणतो, "याचा दहा फुटी फलक करा." समजा, ते चित्र रुंदीला १६०० ठिपक्यांचे आहे. दहा फूट म्हणजे १२० इंच. भागाकार करून पाहा: एका इंचाच्या वाट्याला जेमतेम तेरा ठिपके येतात. मग सत्कारमूर्तीचा चेहरा जवळून चौकटीच्या लुगड्यासारखा दिसला, तर दोष यंत्राचा नव्हे. आपण हिशोब केला नाही. म्हणून छायाचित्र संदेशातून पाठविताना साधे चित्र म्हणून पाठवू नये, कारण वाटेत त्याची काटछाट होते. कागदपत्र म्हणून मूळ स्वरूपात पाठवावे. आणखी एक गोष्ट. पडदा प्रकाशाने रंगतो, कागद शाईने. पडद्यावर झळाळणारा भगवा कागदावर मळकट उतरतो तो यामुळेच. मोठी छपाई करण्यापूर्वी एक लहान नमुना काढून पाहावा.

अक्षरे आणि बोधचिन्हे मात्र ठिपक्यांनी न काढता रेषांनी काढावीत. रेनो या फ्रेंच मोटार कारखान्यात पिएर बेझिए या अभियंत्याने मोटारीच्या पत्र्याची वळणे गणिताने मांडण्यासाठी एक रीत रूढ केली. तीच वक्ररेषा आज प्रत्येक चित्ररचनेच्या साधनात आहे. शेताच्या बांधावर चार खुंट्या ठोकून दोरी वळवावी, तसे हे काम चालते. खुंट्या जितक्या कमी, तितके वळण देखणे. अशी रेषा टपाल तिकिटाएवढी करा नाहीतर देवळाच्या शिखराएवढी करा, ती फाटत नाही. नवशिक्याने आठ दिवस दुसरे काही करू नये. एक 'अ' आणि एक 'क्ष' तेवढा गिरवावा.

दुसरी शीर अक्षरांच्या साठवणीची, आणि येथे प्रश्न देखणेपणाच्या पलीकडे जातो. माझ्या एका स्नेह्यांनी निवृत्तीनंतर आपल्या गावच्या आठवणी टंकित करवून घेतल्या होत्या. पुढे ते वारले. मुलाने नव्या संगणकावर ती फाईल उघडली, तो पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा! वडिलांची पंधरा वर्षांची स्मरणे डोळ्यांसमोर होती आणि वाचता येत नव्हती. कारण साधे होते. जुन्या काळच्या अनेक मराठी फॉन्टांत आतले अक्षर इंग्रजीच असे. त्याच्या अंगावर मराठीचा अंगरखा चढविलेला असे. तो फॉन्ट संगणकात नसला की अंगरखा गळून पडे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, तेव्हापासून देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. आणि त्यात लिहिलेला मजकूर कोणत्याही आधुनिक संगणकावर मराठीच राहतो, शोधता येतो, अंधांच्या वाचनयंत्राला वाचताही येतो. त्या मुलाने मूळ फॉन्टचे नाव शोधून काढले, रूपांतर करणारे साधन वापरले आणि वडिलांची पाने परत मिळविली. काही जोडाक्षरे बिघडली होती, ती त्याने हाताने दुरुस्त केली. एक लहानसे साधन वेळेवर माहीत असणे म्हणजे काय, हे त्या घराला विचारावे.

तिसरी शीर आपल्या लिपीच्या स्वभावाची. इंग्रजी अक्षरे ओळीवर उभी राहतात. आपली शिरोरेषेला लोंबतात. इंग्रजी शीर्षकात अक्षरे एकमेकांपासून लांब करून शोभा आणतात. तीच युक्ती मराठीवर केली की शिरोरेषेचे तुकडे पडतात. दोन ओळींत अंतर कमी ठेवले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. कधी पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. तेथे फॉन्टला दोष न देता मजकूर रचण्याची पद्धत बदलावी, फोटोशॉपमध्ये तशी सोय आहे. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे निराळी, हिंदी वळणे निराळी. काही चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणे असतात; मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदविली की आपले वळण आपोआप येते.

एका महाप्रसादाच्या मंडपात मी फलक वाचला: 'आचार्यांनी भांडी येथे ठेवावीत.' आता आचार्य भांडी कशाला ठेवतील? लिहिणाराला 'आचाऱ्यांनी' म्हणावयाचे होते. मराठी कळफलकावर खाली टिंब असलेला 'ऱ' असतो. तो घेऊन हलन्त द्यावा आणि मग 'य' लिहावा, की झाले. एवढे माहीत नसले की स्वयंपाकी विद्वान होतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो!

मंडळी, हे बारकावे पाहणारी माणसे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. १८०५ साली सेरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले, तेव्हा मराठी अक्षर बंगालात शिशात ओतले गेले. पुढे जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या खिळ्यांची सुबक वळणे राणू रावजी आरू यांच्या हातची. आपल्या काळात कोल्हापूरला जन्मलेले र. कृ. जोशी कवी होते, सुलेखनकार होते, आणि संगणकावरचा 'मंगल' हा फॉन्टही त्यांचाच. छिन्नी गेली, संगणक आला. नजर मात्र तीच लागली.

आता साधने कोठून आणावीत? चोरून मिळविलेली महागडी साधने पुष्कळ ठिकाणी चालतात. त्यांत कायद्याचा भंग आहेच, शिवाय अशा वाटेने घरात कोणता किडा शिरेल याचा नेम नाही. त्याची गरजही नाही. गिंप हे छायाचित्रांचे साधन नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी सुरू केले. इंकस्केप हे रेषाचित्रांचे साधन २००३ पासून आहे. दोन्ही विनामूल्य आणि कायदेशीर. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट कोणालाही मोकळे आहेत. जालावर उघडून वापरावयाची साधनेही सोयीची असतात. परंतु अनोळखी ठिकाणी आपला सातबारा, आधारपत्र किंवा बँकेचा कागद केवळ रूपांतरासाठी चढवू नये. परक्याच्या चावडीवर कोणी आपली तिजोरी उघडून बसत नाही.

शेवटी एक गोष्ट मनात सलते. फलक छापण्याचे यंत्र आले आणि गावोगावच्या पेंटरांच्या हातातला कुंचला खाली पडला. दुकानाची पाटी, शाळेचा सुविचार, एस. टी. थांब्याची भिंत, हे सारे त्यांनी लिहिलेले. अक्षराला कोठे जाड करावे, कोठे निमुळते करावे, हे त्यांचे मनगट जाणते. ते कोणत्याही चित्रफितीत नाही. 'यात्रा वन' नावाचा फॉन्ट मुंबईच्या लोकल स्थानकांवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून घडविला गेला. जे मुंबईच्या पाट्यांचे झाले, ते नातेपुत्याच्या पाट्यांचे का होऊ नये?

म्हणून माझी एक सूचना आहे. आषाढीला निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण, बरड करीत आपल्या गावी मुक्कामाला येते. त्या वेळी स्वागताचे फलक किती लागतात आणि त्यांत वारकऱ्यांपेक्षा स्वागत करणाऱ्यांचेच चेहरे किती असतात, ते आपण पाहतोच. यंदा एक फलक निराळा करावा. गावातल्या एखाद्या जुन्या पेंटरने कागदावर कुंचल्याने अक्षरे लिहावीत. मघाशी सांगितलेल्या त्या मुलीने ती संगणकावर रेषांनी गिरवावीत. आणि त्यावर एकही चेहरा नसावा. पिण्याचे पाणी कोठे, दवाखाना कोठे, मुक्कामाची वाट कोणती, एवढेच मोठ्या, शुद्ध अक्षरात असावे. दिवसभर चालून आलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्याला ते लांबून वाचता आले, तर मुलगी उत्तीर्ण झाली आणि पेंटरची विद्या पुढच्या पिढीच्या हाती गेली, असे मी समजेन.