कॅलिफोर्नियाची खानेसुमारी आणि तिच्यामागची माणसे
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी पुष्कळ घरांतील मुले-मुली आज अमेरिकेत आहेत, आणि त्यांपैकी कित्येक कॅलिफोर्निया राज्यात आहेत. एकीची लेक सांगते, की इथे कढीपत्त्यापासून पोह्यांपर्यंत सारे मिळते, शेजारी तेलुगू आणि समोर गुजराती. दुसरीचा मुलगा त्याच राज्यातून म्हणतो, की महिना महिना आपल्याकडचा माणूस दृष्टीस पडत नाही. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. दोघे राहतात एका राज्यात, पण एका काउंटीत नव्हे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग. कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंट्या आहेत. त्यांत कोणत्या वंशाची माणसे किती, आणि ती तेथेच का, हा माझा आजचा विषय आहे.

२०२० सालच्या खानेसुमारीत या राज्याची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख भरली. शंभर माणसे घेतली, तर त्यांत सुमारे ३९ लॅटिनो, म्हणजे मेक्सिको व इतर स्पॅनिशभाषक मुलखांतून आलेले किंवा त्यांचे वंशज. ३५ गोरे, १५ आशियाई आणि ५ कृष्णवर्णीय. उरलेल्यांत मूळचे आदिवासी आणि मिश्र वंशाचे लोक आले. ही झाली सबंध राज्याची सरासरी. पण सरासरीत कोणी राहत नाही. मेक्सिकोच्या सरहद्दीवरील इंपीरियल काउंटीत शंभरातील ८० हून अधिक लोक लॅटिनो आहेत. सँता क्लारा काउंटीत, जेथे आपली संगणकवाली मुले जातात, तेथे आशियाई लोकांचा गट सर्वांत मोठा आहे. आणि उत्तरेकडच्या डोंगराळ काउंट्यांत बहुतेक सारी वस्ती गोऱ्यांची आहे.

आता आकडे वाचण्याची एक साधी गोष्ट सांगते. 'शंभरात किती' आणि 'एकूण किती' हे दोन निराळे प्रश्न आहेत. आल्पाइन नावाची एक काउंटी आहे. तिची २०२० मधली लोकसंख्या होती अवघी १,२०४. तेथे शंभरात एक म्हणजे बारा माणसे. एका पंगतीत जेवतील इतकी! लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या २०२० मध्ये एक कोटीवर होती. तेथे शंभरात एक म्हणजे एक लाख. सोलानो काउंटीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण शंभरात सुमारे १३ आहे, लॉस एंजेलिसमध्ये ८ च्या आसपास. यावरून कोणी म्हणेल, की कृष्णवर्णीय लोक लॉस एंजेलिसपेक्षा सोलानोत जास्त. पण प्रत्यक्ष मोजले तर सोलानोत सुमारे साठ हजार, आणि लॉस एंजेलिसमध्ये सात लाखांहून अधिक.

याहून अवघड प्रकार लासेन काउंटीचा. ती विरळ वस्तीची, पहाडी काउंटी. कोष्टकात मात्र तेथे कृष्णवर्णीयांचा आकडा आजूबाजूच्या काउंट्यांपेक्षा उठून दिसतो. वाटते, येथे त्यांची चांगली वस्ती असेल, शाळा असतील, प्रार्थनामंदिरे असतील. वस्तुस्थिती अशी, की त्या काउंटीत राज्याचे मोठे तुरुंग होते. त्यांतला एक २०२३ मध्ये बंद झाला. खानेसुमारीत कैद्यांची मोजणी घरच्या पत्त्यावर न होता तुरुंगाच्या जागी होते. तेव्हा आकडा खरा, पण त्यातले बहुतेक लोक आपल्या मर्जीने तेथे आलेले नाहीत.

मग माणसे जेथे आहेत तेथे कशी आली? दोन गोष्टी शोधाव्या लागतात. काम कोठे मिळाले, आणि कायद्याने कोठे राहू दिले.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि जगभरचे लोक तिकडे धावले. त्यांत चिनी लोकही होते. पुढे पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या रेल्वेसाठी हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडले. ती रेल्वे १८६९ मध्ये पुरी झाली, आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी करणारा कायदा झाला. १८८५ मध्ये हंबोल्ट काउंटीतील युरेका गावाने आपल्याकडच्या सुमारे ३०० चिनी लोकांना दोन दिवसांत जहाजांवर चढवून हाकून दिले. त्यानंतर कित्येक दशके तेथे चिनी वस्ती जवळजवळ नव्हतीच. आपण कोष्टकात एखाद्या खान्यात शून्य पाहिले, की म्हणतो, 'तिकडे हे लोक गेलेच नसतील.' गेले होते, राहिलेही होते. त्यांना राहू दिले नाही.

सोलानोचेच पाहा. तेथे व्हालेहो गावाशी आरमाराची मोठी गोदी होती. दुसऱ्या महायुद्धात जहाजे बांधण्यास माणसे हवी होती, म्हणून टेक्सस, लुइझियाना अशा दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे आली. त्या काळी पुष्कळ ठिकाणी घराच्या खरेदीखतातच अट असे, की हे घर गोऱ्याशिवाय कोणास विकू नये. १९४८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की न्यायालयांनी अशा अटी अमलात आणू नयेत. पण तोवर कोणत्या आळीत कोण राहावयाचे हे ठरून गेले होते, आणि त्याची छाया आजच्या आकड्यांतही आहे.

सँता क्लाराची गोष्ट अलीकडची. तो एके काळी जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागांचा मुलूख. बागा गेल्या, विद्युत उपकरणांचे आणि संगणकांचे कारखाने आले. १९६५ च्या नव्या कायद्याने आशियाच्या लोकांना अमेरिकेचे दार उघडले. काम आणि कायदा एकाच वेळी अनुकूल झाले, म्हणून आपली मुले तेथे आहेत. मुले हुशार आहेत हे खरेच. पण १९६५ पूर्वी हुशार मुले नव्हती असे थोडेच आहे?

आता आपल्या देशातील माणसांची एक हकीकत सांगते. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणून इंपीरियलच्या वाळवंटात शेती सुरू झाली. तेथे पंजाबचे शेतकरी गेले. पण १९१३ च्या कायद्याप्रमाणे, ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना जमीन घेता येईना. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून बायकामुले आणणे अशक्य झाले. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसास नागरिकत्वाचा हक्क नाही असाच निकाल दिला. शिवाय राज्यात गोऱ्यांशी इतर वर्णांच्या लोकांचा विवाह कायद्याने निषिद्ध होता. तेव्हा या पंजाब्यांनी शेतात शेजारी काम करणाऱ्या मेक्सिकन मुलींशी लग्ने केली. परवाना देणारा काउंटीचा कारकून दोघांचा रंग पाही आणि सारखाच दिसला तर सही करी. अशी शेकडो कुटुंबे झाली. त्या बायका नवऱ्याकडून पंजाबी रस्सा-भाजी शिकल्या. घरात मक्याची तोर्तियाही होई आणि गव्हाची रोटीही होई. मुलांची नावे स्पॅनिश आणि आडनाव सिंग.

भगिनींनो, या मुलांना कोष्टकाच्या कोणत्या खान्यात घालावे? १९२०, १९३० आणि १९४० च्या खानेसुमारीत अमेरिकेने 'हिंदू' असा एक वंशच मानला होता. पंजाबचा शीख, मुसलमान किंवा आपल्याकडचा कोणी ख्रिस्ती, सारे 'हिंदू'! १९३० मध्ये तेवढ्यापुरता 'मेक्सिकन' हाही वंश झाला. १९७० मध्ये हिंदी लोकांना गोऱ्यांत धरले. १९८० पासून 'आशियाई भारतीय' असा खाना आला, आणि एका माणसाने एकाहून अधिक वंश नोंदविण्याची मुभा २००० मध्ये मिळाली. म्हणजे एकाच घरातील आजी 'हिंदू', मुलगी 'गोरी' आणि नात 'आशियाई' अशी नोंद होऊ शकते. माणसे तीच, रक्त तेच, खाने बदलले.

याच इंपीरियलमधील एक शेतकरी दलीपसिंग सौंद. १९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्व मिळू लागले, आणि १९५६ मध्ये इंपीरियल व रिव्हरसाइड काउंट्यांच्या मतदारांनी त्यांना अमेरिकेच्या लोकसभेत निवडून दिले. तेथे निवडून गेलेले ते पहिले आशियाई.

कोणी म्हणेल, बाई, हे कोष्टक कसेही असो, आपल्याला काय त्याचे? त्याचे उत्तर १९४२ साली मिळते. जपानशी युद्ध सुरू होताच पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडावयास लावून छावण्यांत ठेवले. त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले, तेथलेच नागरिक. कोणत्या वस्तीत जपानी किती, याची कोष्टके खानेसुमारीच्या कचेरीने लष्कराला पुरविली. पुढे २००० मध्ये त्या खात्याच्या प्रमुखाने त्याबद्दल क्षमा मागितली. इन्यो काउंटीतील मँझनार छावणीत १०,००० हून अधिक माणसे कोंडली होती; सबंध काउंटीची वस्ती तेव्हा ८,००० देखील नव्हती. ज्या बायकांनी दारी आलेल्या गणकाला घरातल्या माणसांची नावे विश्वासाने सांगितली, त्यांच्याच उत्तरांची ती कोष्टके होती.

आणि तेच आकडे उपकारकही होतात. तेथील कायद्याप्रमाणे, एखाद्या काउंटीत एका भाषेचे, इंग्रजी नीट न येणारे मतदार १०,००० हून अधिक किंवा शंभरात पाचाहून अधिक असले आणि इतर अटी जुळल्या, तर मतदानाचे कागद त्यांच्या भाषेत द्यावे लागतात. २०११ च्या निर्णयानंतर लॉस एंजेलिस काउंटीत हिंदीतूनही ही सोय झाली. मुलाकडे जाऊन स्थायिक झालेल्या, नागरिक झालेल्या एखाद्या आजीबाईला कागद वाचून स्वतः मत देता येते, ते कोणी तरी तिला मोजले म्हणून.

तेव्हा मोजू नये असे माझे म्हणणे नाही. न मोजलेल्या माणसाची दाद कोठेच लागत नाही. माझे म्हणणे एवढेच, की 'अमक्या ठिकाणी अमके लोक फार' असे कोणी सांगितले, की आपण चार प्रश्न विचारावेत. फार म्हणजे शंभरात किती आणि प्रत्यक्षात किती? ते तेथे आले की आणले? जे तेथे दिसत नाहीत, ते गेले नाहीत की घालविले? आणि हे खाने कोणी पाडले? हे प्रश्न कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंट्यांना लागतात, तसे आपल्या वाड्याला, आळीलाही लागतात. आपल्याही दारी गणक येतो. घरी बहुधा आपणच असतो आणि उत्तरे आपणच देतो. ती विचारपूर्वक द्यावीत, आणि त्यांचे पुढे काय झाले याची चौकशीही करावी.