जपानी मोजणी: चार शून्यांचा हिशेब

आपण हजारानंतर थेट लाखावर जातो. जपानी माणूस दहा हजारांवर थांबतो. हा त्याचा 'मान'. आपला लाख म्हणजे दहा मान. पुढे दर चार शून्यांनी नवं नाव: दहा कोटींचा 'ओकु', लाख कोटींचा 'चो'. स्वल्पविराम मात्र तीन-तीन अंकांनंतर! १२,३४५,६७८ वाचायचं '१२३४ मान ५६७८'. वर्तमानपत्रं म्हणूनच अंकांमध्ये मानचं चिन्ह घालतात.

१६२७मध्ये प्रथम निघालेल्या 'जिंकोकी' या योशिदा मित्सुयोशींच्या गणितग्रंथात एका अवाढव्य संख्येचं नाव आहे 'गोगाश्या', म्हणजे गंगेची वाळू. बौद्ध ग्रंथांबरोबर आपली गंगा तिथवर पोचली, याचं फार अप्रूप वाटतं.

जपानी 'एक' म्हणजे नुसती आडवी रेघ. तिच्या दोन-तीन करणं सोपं. म्हणून दहा हजार येनच्या नोटेवर एकाचं मुद्दाम किचकट चिन्ह छापतात.